पितृपक्षात विकलेली हिरवी साडी

मुंबईत हिंदमाताच्या एका साड्यांच्या दुकानात, गादीवर बसून माझी नोकरी झाली. गादी म्हणजे पांढरी चादर घातलेली लांबलचक बैठक. आम्ही सेल्समन तिच्यावर मांडी घालून बसतो आणि समोर बसलेल्या बायकांपुढे साड्या उलगडत राहतो. गादीच्या मागे एक लोखंडी जिना आहे, तो माळ्यावर जातो. माळ्यावर मालाचे गठ्ठे असतात, एक कुरकुरणारा पंखा असतो आणि ज्याला गिऱ्हाइकासमोर बसवायची शेठना धास्ती वाटते असा एखादा माणूस असतो. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात शेठनी मला सांगून टाकलं, की आता आणखी एक तक्रार आली की तुम्ही वर.

तक्रार अशी होती. लग्नाच्या खरेदीला आलेल्या एका बाईंनी अख्खी दुपार माझ्याकडून साड्या उघडून घेतल्या. कपाटातला एक खण शिल्लक ठेवला नाही. मग घड्याळ बघून म्हणाल्या, आम्ही नुसतं बघायला आलो होतो, घेणार दुसरीकडे. मी म्हटलं, नुसतं बघायचं होतं तर घरचं कपाट उघडायचं होतं. मला अजूनही त्या वाक्यात खोट दिसत नाही. पण बाईंनी ते शब्दन् शब्द इंटरनेटवर लिहिलं, खाली दुकानाला एकच तारा दिला, आणि शेठच्या सुनेनं ते शेठना मोठ्यानं वाचून दाखवलं.

गादी सोडायची नाही असं मी त्याच दिवशी ठरवलं. हट्टी म्हणून आमच्या चाळीत माझं नाव आहेच. गादीवर मला आवडतं. नवा पदर खांद्यावर टाकून दाखवला की समोरच्या बाईचा चेहरा बदलतो, ते बघायला आवडतं. माळ्यावर कोणाचा चेहरा बघणार? त्यातच दवाखान्यात कंपाऊंडरनं माझा रक्तदाब मोजून भुवया वर केल्या आणि डॉक्टर म्हणाले, गोळी देतो, पण गोळी रागावर चालत नाही, त्याचं तुम्ही बघा.

त्याचं माझ्या बायकोनं बघितलं. दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी ध्यान शिकवतात, फुकट शिकवतात, असं तिनं कुठूनसं शोधून काढलं आणि मला तिथे धाडलं. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. देवाचं नाव नाही, गुरूचा फोटो नाही, नुसतं बसायचं. पहिल्याच दिवशी मी वर्गात पहिला आलो. गुडघे धरले म्हणून अर्धे लोक खुर्च्यांवर गेले होते, आणि मांडी घालून बसणं हा तर माझा पोटापाण्याचा धंदा. बाई कौतुकानं माझ्याकडे बघत होत्या. माझ्या डोक्यात मात्र त्या एक ताऱ्यावाल्या बाईंशी जोरदार वादावादी चालली होती, आणि मी जिंकत होतो.

श्वासाकडे लक्ष देणं हळूहळू जमायला लागल्यावर बाईंनी दुसरा धडा दिला. मनातल्या मनात माणसांचं भलं मागायचं. आधी स्वतःचं, मग आवडत्या माणसाचं, मग ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही अशा कोणाचं, आणि शेवटी ज्याचं तोंड बघवत नाही त्याचं. ‘तुझं भलं होवो, तुला त्रास न होवो.’ एवढंच म्हणायचं. स्वतःचं भलं मागताना मला लाज वाटली. बायकोचं मागितलं. परक्या माणसाच्या जागी नाक्यावरचा पाववाला घेतला. आणि चौथ्या जागेसाठी डोळे मिटले तर इतके लोक पुढे आले की रांग लावावी लागली.

घरी बसायचं म्हटलं तर तिथे वेगळीच गंमत. आमची लालबागची चाळ जुन्या वळणाची आहे. दिवसा दार लावायची पद्धत नाही. दार लागलं म्हणजे घरात भांडण झालंय किंवा कोणीतरी अत्यवस्थ आहे. मी पहिल्या सकाळी दार लोटून बसलो आणि श्वास मोजायला लागतो न लागतो तोच गॅलरीत कुजबुज सुरू झाली. कडी वाजली. शेजारच्या वहिनी, त्यांच्यामागे त्यांचे सासरे, त्यांच्यामागे वरच्या मजल्यावरचे दोघे. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न. मला सांगावं लागलं की कोणाला काही झालेलं नाही, मी ध्यान करतोय. सासरे म्हणाले, मग दार उघडं ठेवून कर ना, आम्हाला उगाच घोर लावतोस.

तेव्हापासून मी दार उघडं ठेवून बसतो. नळाला पाणी येतं, बादल्या सरकतात, कोणाचा तरी मोबाईल आरती लावतो, जाणारेयेणारे आत डोकावतात. त्या सगळ्याच्या मधोमध बसायचं. सुरुवातीला चिडचिड व्हायची. मग वाटलं, दुकानात काय जंगलातली शांतता मिळणार आहे? इथे जमलं तर तिथे जमेल.

दुकानात जमवायचं कसं, हे मात्र बाईंनी सांगितलं नव्हतं. ते माझं मी शोधलं. आमच्या कामात उघडण्याला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट घडी घालायला लागतो. गिऱ्हाईक निघून जातं आणि आपण पसाऱ्यात बसून काठाला काठ लावतो, पदर आत घेतो, तळव्यानं दाबून सपाट करतो. हाच तो वेळ, जेव्हा सेल्समन मनातल्या मनात गेलेल्या गिऱ्हाइकाचा उद्धार करतो. मी ठरवलं की प्रत्येक घडीबरोबर ज्या बाईनं ती साडी उघडायला लावली तिचं भलं मागायचं. घेतली असो वा नसो.

पहिले काही आठवडे ते दात-ओठ खाऊन चाललं. ‘तुझं भलं होवो’ हे शब्द शिवी दिल्यासारखे निघत. बाजूला बसणारा माझा सोबती, तो माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, मला ‘महाराज’ म्हणायला लागला. महाराज, आज किती जणींना आशीर्वाद दिले? मी त्याचंही भलं मागितलं, तेही दात-ओठ खाऊनच. पण मी सोडलं नाही. आणि कधी कोण जाणे, हात आणि शब्द एका लयीत यायला लागले. एखादी बाई काही न घेता उठली तर तिची पाठ दिसायची, पिशवी दिसायची, ती दमल्येय हे दिसायचं. हे मला आधी दिसत नव्हतं. गिऱ्हाइकाच्या पायातल्या चपला बघून किती खर्च करणार हे ओळखण्यात मी वाकबगार होतो, पण तेवढंच बघायचो.

वर्षभरात एकही तक्रार आली नाही. शेठनी एकदा स्वतःहून माझ्यासाठी चहा मागवला. मी मनातून फुगलो, खोटं कशाला बोलू?

मग गेल्या वर्षीचा पितृपक्ष आला. त्या पंधरवड्यात आमच्याकडे नवं कापड कोणी घेत नाही. दुकानात माश्या मारायच्या आणि नवरात्राचा माल लावायचा, एवढंच काम. या दिवसांत मराठी माणूस साडी घ्यायला आलाच, तर आम्हाला न सांगता कळतं. घरात कोणीतरी गेलेलं असतं. सवाष्ण गेली की तिला हिरवी साडी नेसवतात. परळची मोठी हॉस्पिटलं इथून चालत जाण्यासारखी, त्यामुळे असं गिऱ्हाईक आमच्या दुकानाला नवं नाही. त्याच्याशी कसं वागायचं याची रीतच ठरलेली आहे. साड्यांचा ढीग उघडायचा नाही. भाव जास्त सांगायचा नाही, आणि असं गिऱ्हाईक घासाघीस करतही नाही. छापील रंगीत पिशवी द्यायची नाही, साध्या कागदात बांधून द्यायची. आणि एरवी प्रत्येकाला म्हणतो तसं ‘या पुन्हा’ म्हणायचं नाही.

दुपारी एक माणूस आत आला. पन्नाशीचा, साताऱ्याकडचा असावा, सदऱ्याची कॉलर मळलेली, डोळे जागरणानं लाल. हातात हॉस्पिटलची ती मोठी प्लास्टिकची पिशवी होती, ज्यात एक्स-रे ठेवतात. तो गादीवर बसलासुद्धा नाही. उभ्यानंच म्हणाला, हिरवी साडी द्या. मी एक काढली. त्यानं हात लावून बघितली नाही, दुसरी मागितली नाही, किंमत ऐकून मान हलवली आणि खिशात हात घातला.

मला सगळं कळलं. किंबहुना मला कळलंय याचाच मला आनंद झाला, कारण पूर्वी मी नुसती रीत पाळली असती आणि मोकळा झालो असतो. आता माझ्या मनात खरोखर काहीतरी हललं होतं. मी साडीची घडी घातली, त्या घडीबरोबर गेलेल्या बाईचं भलं मागितलं, राहिलेल्या या माणसाचं मागितलं. साध्या कागदात पुडकं बांधलं. ते देताना त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, “सांभाळा स्वतःला. आपल्या हातात काही नसतं.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग गेला. माझ्या सोबत्यानंसुद्धा त्या दिवशी ‘महाराज’ म्हटलं नाही. मी डोळे मिटून बसलो आणि मला वाटलं, जमलं. एवढ्यासाठीच बसत होतो.

दिवेलागणीच्या सुमाराला तो परत आला. पुडकं तसंच होतं, सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती. ते त्यानं माझ्यासमोर गादीच्या कडेला ठेवलं.

“माझी बायको जिती हाय,” तो म्हणाला.

तो मोठ्यानं बोलत नव्हता, पण दुकानातले सगळे थांबले होते. त्यानं जे सांगितलं ते असं. बायकोचं दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. मोठं होतं. तिनंच त्याला पिटाळलं होतं, की जा आणि हिरवी नवी साडी घेऊन ये, मी उशाशी ठेवणार आणि बरी झाले की तीच नेसून घरी जाणार. पितृपक्ष आहे म्हटल्यावर म्हणाली होती की डॉक्टरांनी तारीख देताना पंचांग बघितलं नाही, तर मी कशाला बघू? या माणसानं जन्मात साडी घेतलेली नव्हती. सगळं तीच घ्यायची. भेटायची वेळ सुरू व्हायच्या आत परत पोचायचं म्हणून मिळेल ती घेऊन तो पळाला. रस्ताभर माझं बोलणं त्याच्या डोक्यात फिरत राहिलं, हा माणूस असं का बोलला, आपला हात का धरला. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर त्याला उमगलं. तिथेच तो बसून राहिला. वर वॉर्डात ती वाट बघत होती आणि तो पुडकं घेऊन खाली बसला होता.

“आता ही कशी दिऊ तिला?” तो म्हणाला. “तुमीच सांगा.”

खरंच कशी देणार? कापड तेच होतं, काठ तोच होता. पण मी ती मेलेल्या बाईसाठी बांधली होती, माझ्या तोंडानं तिच्या मरणाचं बोललो होतो, आणि या माणसाला ते ठाऊक होतं. त्यानं ती उशाशी ठेवली असती तरी रात्रभर तिच्याकडे बघवलं नसतं. वर्षभर ज्याला मी करुणा म्हणत होतो ती करायला गेलो आणि एका जित्या बाईला पोचवून बसलो.

शेठ काउंटरवरून उठून आले. काय चाललंय ते त्यांना कळलं होतं. त्यांनी त्या माणसाला हात जोडले, चूक झाली म्हणाले, पण साडी परत घेता येणार नाही म्हणाले. यात शेठचा लोभ नव्हता. त्या कामासाठी गेलेला कपडा कुठलंच दुकान परत घेत नाही. तो थप्पीत ठेवला तर आमचाच एक माणूस त्या थप्पीला हात लावणार नाही. माझ्या सोबत्यानं तर पुडक्यापासून गुडघा बाजूला घेतला होता.

मी म्हटलं, “ती त्या कामासाठी गेलीच नव्हती शेठ. मीच ठरवलं तसं. ही साडी मी घेतो, माझ्या पगारातून कापा. यांना दुसरी दाखवतो.”

शेठ गिऱ्हाइकासमोर आवाज चढवत नाहीत. ते फक्त एवढंच म्हणाले, की हे झाल्यावर मला भेटा. त्याचा अर्थ मला कळला. वर्षभर ज्या गादीसाठी मी हे सगळं आरंभलं होतं ती तिथेच गेली. आश्चर्य म्हणजे त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. वाटायला सवड नव्हती. भेटायची वेळ संपत आली होती.

मी त्या माणसाला हाताला धरून गादीवर बसवलं. पाणी दिलं. आणि दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कुठलाही शिकाऊ सेल्समनसुद्धा जो प्रश्न आधी विचारतो, दुपारी दयेच्या भरात जो मी विचारलाच नव्हता, तो विचारला.

“कोणासाठी घेताय?”

“बायकोसाठी.”

“कशा आहेत दिसायला? रंगानं?”

तो गडबडला. इतकी वर्षं संसार करून हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. म्हणाला, सावळी आहे. उंच आहे, माझ्याहून बोटभर उंचच, म्हणून लग्नात लोक हसले होते. आता बारीक झालीय. मी विचारलं, भडक आवडतं की फिकं? तो म्हणाला, फिकं नेस म्हटलं की म्हणते, मी काय आजारी आहे का? हे बोलल्यावर तो थोडासा हसला आणि मग त्यानं तोंड फिरवलं. मला त्याच्याकडे बघवेना. मी उठलो आणि कपाटं उघडायला लागलो.

हिरवीच हवी होती, कारण तिनं हिरवी सांगितली होती. दुसरा रंग नेला असता तर ती खोदून विचारणारी बाई होती, आणि याला खोटं बोलता येत नव्हतं. म्हणून मी दुकानातला सगळा हिरवा खाली काढला. पोपटी, शेवाळी, बाटलीचा हिरवा, मोरपिशी. नवरात्रासाठी बांधून ठेवलेला गठ्ठासुद्धा सोडला. पितृपक्षातल्या त्या रिकाम्या दुकानात, लग्नाचा बस्ता काढायला बसावं तशा साड्या मी एकामागून एक उलगडत गेलो. खांद्यावर पदर टाकून उभा राहिलो, वळून दाखवलं. सोबती आधी नुसता बघत होता, मग न सांगता उठला आणि वरच्या खणातल्या काढून द्यायला लागला. तो माणूस आता हात लावून बघत होता. हे नको, हे तिला आवडणार नाही, हे बरं आहे पण काठ बारीक आहे. शेवटी त्यानं गडद हिरव्यावर डाळिंबी काठ असलेली एक साडी मांडीवर ओढून घेतली आणि म्हणाला, ही.

मी भाव सांगितला. तो खिशात हात घालायला लागला.

“थांबा,” मी म्हटलं. “कमी करायला सांगा.”

त्याला कळेना. मी म्हटलं, त्या स्वतः आल्या असत्या तर दिले असते का एवढे पैसे? तो म्हणाला, छ्या, तिनं अर्ध्यावर आणलं असतं. मग आणा अर्ध्यावर, मी म्हटलं. त्यानं चाचरत एक आकडा सांगितला. मी नाही म्हटलं. तो थोडा वर चढला, मी थोडा खाली आलो. तो उठून जायचं सोंग करायला लागला, आणि इतकं वाईट सोंग मी आयुष्यात पाहिलेलं नाही. शेवटी जमलं. साडी छापील रंगीत पिशवीत घातली. दुकानात सणाच्या गिऱ्हाइकासाठी कुंकवाची लहान डबी ठेवतो, तीही घातली. शेठ बघत होते, पण मधे पडले नाहीत.

तो पायरी उतरताना मी मोठ्यानं म्हटलं, “या पुन्हा. त्यांना घेऊन या.”

“आणतो की,” तो म्हणाला. “तुमची काय खैर नाय मग.”

दुकान बंद करताना शेठनी मला सांगितलं की उद्यापासून माळ्यावर. ते रागावले नव्हते. म्हणाले, गिऱ्हाइकाला शिवी दिलीत ती परवडली, हे परवडत नाही. खरं सांगायचं तर त्यांचं चुकत होतं असं मला वाटलं नाही.

ते साध्या कागदातलं पुडकं काखेत मारून मी लालबागला चालत निघालो. वाटेत दोनदा मनात आलं, की हे कुठेतरी ठेवून द्यावं. देवळाच्या पायरीवर ठेवावं, कोणीतरी उचलेल. पण मग ते ज्याच्या घरी जाईल त्याला न सांगता मी हे त्याच्या गळ्यात बांधणार. ते काही मला पटेना. घरी गेलो आणि जेवताना बायकोला सगळं सांगितलं. साडी कोनाड्यात वर टाकून ठेवू, असं म्हणालो. तिचं माहेर-सासर दोन्ही मालवणाकडचं, आणि असल्या बाबतीत ती माझ्यापेक्षा जास्त पाळणारी आहे. अमावास्येला नखं कापू देत नाही. ती घाबरेल अशी माझी खात्री होती.

तिनं हात धुतले, पुडकं सोडलं, साडी उलगडून दिव्याखाली धरली.

“तिचा नाव काय?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, ठाऊक नाही.

“नाव नाय इचारलात?” ती म्हणाली. “आणि वरसभर भला मागतासात.”

तिनं साडीचा काठ बोटांत धरून बघितला. मग म्हणाली, “साडयेन काय केल्यान? मी नेसतंय सकाळी.”

मी तिला सांगून पाहिलं की निदान पितृपक्ष संपू दे. ती म्हणाली, पितृपक्ष संपेपर्यंत त्या बाईचं ऑपरेशन थांबणार आहे का? ही साडी ज्या दिवशी जितीच्या अंगावर असायला हवी तो दिवस उद्याचा आहे. एवढं बोलून ती भांडी घासायला बसली.

सकाळी मी नेहमीसारखा उघड्या दारात बसलो. त्या उंच, सावळ्या, भडक आवडणाऱ्या बाईचं भलं मागायचा प्रयत्न केला आणि शब्द पुढे जाईनात, कारण आदल्या दुपारी याच शब्दांनी घात केला होता. मी डोळे उघडले. माझी बायको आरशासमोर निऱ्या काढत होती. पोलकं जुनंच होतं, साडीला न जुळणारं. ती तशीच गॅलरीत पाणी भरायला गेली. शेजारच्या वहिनींनी विचारलंच, पितृपक्षात नवी साडी? मला आत बसून तिचं उत्तर ऐकू आलं. एका बाईचं आज ऑपरेशन आहे, तिच्यासाठी नेसलेय, असं तिनं सरळ सांगितलं. कोण बाई, असं वहिनींनी विचारलं. ठाऊक नाही, ती म्हणाली. मग वहिनी म्हणाल्या की रंग छान आहे, तुला खुलतो.

मला रडू आलं. दार उघडंच होतं, तरी मी डोळे पुसले नाहीत. मग पुन्हा डोळे मिटले आणि त्या बाईचं भलं मागितलं, आणि या वेळी शब्द शेवटपर्यंत गेले.

मी माळ्यावर आहे तो अजून आहे. रोज सकाळी बसतो, रोज जिना चढतो. वर गिऱ्हाईक येत नाही, नुसते गठ्ठे येतात. ते सोडायचे, साड्या मोजून लावायच्या, घड्या बसवायच्या. घडीबरोबर शब्द अजून म्हणतो, पण आधी विचारतो, कोणासाठी? उत्तर कोण देणार? तरी विचारतो, आणि उत्तर नाही हे लक्षात ठेवून मगच भलं मागतो. तेवढा वेळ जास्त लागतो. शेठ वर आले की म्हणतात, हात हळू झाला तुमचा. मी हो म्हणतो.

सोबत्याला मी सांगून ठेवलंय. साताऱ्याकडचा एक माणूस आणि त्याच्याहून बोटभर उंच बाई, गडद हिरवी साडी, डाळिंबी काठ, अशी जोडी आली आणि बाई भांडायला लागली, तर मला खालून हाक मार, मी असेन तसा उतरेन. तो लक्ष ठेवून असतो, हे मला माहीत आहे. अजून हाक आलेली नाही. मधे एकदा बिचकत बिचकत त्यानं विचारलं, महाराज, इतके महिने झाले, म्हणजे काय समजायचं? मी त्याला म्हटलं, ती आली नाही एवढंच समजायचं. त्याच्या पुढचं मी एकदा समजलो होतो.